पूर्वेच्या बाल्कनीत ऊन कमी झालंय, मोगऱ्याला कळीच नाही. काय करू?

मोगरावेडी: नमस्कार मंडळी, पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी समोर १२ मजली बिल्डिंग उभी राहिली आणि तेव्हापासून ऊन १० ला येतं ते साडेअकराला स्लॅबच्या सावलीत जातं. सासूबाईंनी लावलेला मोगरा आहे, पानं मोठ्ठी हिरवीगार, फांद्या वेलासारख्या लांबल्यात पण अख्खा उन्हाळा एक फूल नाही. तुळशीचंही तेच, दोन पेरांमध्ये बोटभर अंतर पडलंय. शेणखत घातलं, बोनमील घातलं, काही फरक नाही. कुठलं खत देऊ? आणि या जागेत दुसरं काय लावता येईल?

कुंडीतलं_शेत: ताई, खत आधी थांबवा. झाड उपाशी आहे ते उन्हासाठी. मोगऱ्याला रोज ५-६ तास थेट ऊन लागतं, त्याशिवाय तो पानंच काढत बसतो. उजेड कमी पडला की झाड उजेड शोधत उंच होतं, पेरं लांबतात, पानं रुंद आणि पातळ होतात म्हणजे मिळेल तेवढा प्रकाश धरता येतो. आपल्याला वाटतं एवढा लख्ख उजेड आहे की, पण डोळा जुळवून घेतो, झाड नाही. पांढऱ्या कागदावर वीतभर उंचीवर हात धरून बघा, सावलीची कड धारदार असेल तर ते ऊन, पुसट असेल तर नुसता उजेड. दर तासाला बघून लिहून ठेवा.

गच्चीवाली_काकू: गच्ची मिळत असेल तर मोगरा तिकडेच न्या, पण एकदम नको!! मी एप्रिलमध्ये सावलीतला मोगरा थेट गच्चीत ठेवला, तिसऱ्या दिवशी पानांवर पांढरट करपलेले डाग, हातात घेतली तर कागदासारखी चुरचुरली. सावलीतलं पातळ पान कडक ऊन सोसत नाही, उन्हातली जाड पानं नवीन यावी लागतात. आधी फक्त सकाळचं ऊन, मग हळूहळू वाढवत ८-१० दिवस घ्या. फेब्रुवारी संपायच्या आत छाटणीही करा, फूल नव्या फुटीवरच येतं.

उत्तरेची_बाल्कनी: एका दिवसावरून ठरवू नका हं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा कुठे आमच्याकडे ऊन येतं आणि तेही निम्मं ढगात जातं. दक्षिणेच्या बाल्कनीत उलट, डिसेंबरात सूर्य खाली कललेला म्हणून ऊन पार हॉलमध्ये. तुमच्या जागेत विड्याचं पान, अळू, पुदिना, सिंगोनियम, ब्रह्मकमळ छान होईल, माझं ब्रह्मकमळ जुलैत एका रात्री ७ फुलांनी फुललं होतं. फक्त पाणी बोट खुपसून माती बघूनच द्या, सावलीत कुंडी लवकर सुकत नाही आणि मुळं कुजतात.

मोगरावेडी: खूप खूप आभार सगळ्यांचे! कागद धरून बघितला, धारदार सावली जेमतेम सव्वा तास. सेक्रेटरी काकांनी गच्चीला हो म्हटलंय, कुंडी आजच वर नेली, सध्या पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेवलीय म्हणजे दुपारी आपोआप सावली येते. तुळशीचे शेंडे खुडून तीही सोबत नेली. विड्याच्या पानाचं रोप कोणाकडे कटिंगला मिळेल का, कोथरूडच्या आसपास?