धनुष्याची टोकं आणि मूठ: बळकटी हवी की नुसतं ओझं?

रामबागकर (धागा सुरू करणारा)
इंदूरला घराच्या गच्चीवर मी लाकडाच्या पट्ट्या चिकटवून धनुष्यं बनवतो. आजवर नऊ झाली. माझं मत ठाम आहे, पटत नसेल तर खोडून काढा: दोन्ही टोकांवर शिसमचा तुकडा आणि मुठीच्या आत जादा पट्टी नसेल, तर असं धनुष्य दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

सातवं धनुष्य सागवान-बांबूचं होतं, ओढ (दोरी पूर्ण मागे खेचायला लागणारा जोर) साधारण ३५ पाउंड. दोरी अडकवायची खाच थेट सागवानातच कोरली होती. डॅक्रॉनच्या (थोड्या ताणणाऱ्या पॉलिस्टरच्या) दोरीवर दोन महिने छान चाललं, मग मी डायनिमाची दोरी चढवली. ही दोरी जवळपास ताणतच नाही. बाण सुटताना दोरी सरळ होते, त्या क्षणीचा सगळा हिसका खाचेवर बसतो. तिसऱ्या दिवशी खाचेपासून लाकूड उभं चिरलं आणि टोक उडालं. तेव्हा धनुष्य माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याच्या हातात होतं. तुकडा कानाजवळून गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हलकं_टोक
दादा, भाचा सुखरूप आहे हे सगळ्यात मोठं. पण निदान चुकतंय. दोष उघड्या लाकडाचा नाही, खाचेचा आहे. कानशीने कापलेली कडा तशीच सोडली की बारीक दोरी तिथे सुरीसारखी बसते. पॉलिशपेपरची सुरळी करून खाच गोल करा, दोरीच्या फासात जादा धागे घालून तो जाड करा. माझं सागवानी धनुष्य असंच चाललंय, डायनिमावरच.

आणि टोकाला वजन म्हणजे बाणाचा वेग घालवणं. धनुष्य सुटतं तेव्हा सगळ्यात वेगाने टोक धावतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून मुठीजवळचा एक ग्रॅम फुकट आणि टोकावरचा एक ग्रॅम महाग. बळकटीच्या नावाखाली आपण धनुष्य मंद करतो.

रामबागकर
हिशेब करू या. ४० मिमी लांब, १२ रुंद, ४ जाड असा शिसमचा तुकडा दीड ग्रॅमच्या आसपास भरतो. घासून आकार दिल्यावर जेमतेम एक ग्रॅम उरतो. शिवाय टोकाची रुंदी कमी करता येते ती तुकडा आहे म्हणूनच, तिथे वजन परत मिळतं. खाच गोल करण्याचं मात्र मान्य, मी ती केली नव्हती.

माळव्याचा_बांबू
झाबुआ-अलिराजपूरकडचं भिलांचं धनुष्य हातात घेऊन बघा. बांबूचं, दोरीही बांबूच्याच सालीची. टोकावर तुकडा नाही, चिकटवलेली मूठ नाही. पिढ्यान् पिढ्या चालतंय. आपण आधी चिरफाड करतो आणि मग ठिगळं लावतो.

रामबागकर
त्या धनुष्यांबद्दल मला आदरच आहे. पण बांबूच्या पाठीवरचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. आपली पट्टी करवतीवर कापलेली; तंतू कुठे बाहेर निघाले हे डोळ्याला दिसत नाही. आणि टोक बळकट करणं ही आजची हौस नाही. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज जहाजावरची यू या झाडाच्या लाकडाची धनुष्यं वर आली, तेव्हा त्यांच्या टोकांचा रंग वेगळा दिसला, कारण तिथे शिंगाच्या टोप्या होत्या.

सुताराची_लेक
टोकांवर एवढं भांडताय, पण मोडणारी धनुष्यं मी पाहिली ती मुठीशी. वडिलांच्या दुकानात लहानपणापासून चिकटकाम केलंय, म्हणून बोलते.

मूठ सुटते ती गोंद कमी पडल्यामुळे नव्हे. मुठीखालचं लाकूड वाकतं आणि वर चिकटवलेला मुठीचा ठोकळा वाकत नाही, म्हणून सुटते. गोंद घसरण्याला दाद देत नाही, पण कडेपासून सोलायला लागलं की हरते. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, जाडी दुप्पट तर ताठपणा आठपट. त्यामुळे ठोकळ्याचा उतार (दोन्ही कडांकडे कमी होत जाणारी जाडी) शेवटी कागदाइतका पातळ व्हायला हवा. बोथट संपला की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. आतली जादा पट्टी उताराच्या पुढे दोन-दोन बोटं न्यावी आणि तिचीही टोकं उतरती करावीत. उतार चुकला असेल तर पट्टी वाचवणार नाही.

सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या आधी ताजं घासून ॲसिटोनने पुसा. आणि मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. खोलीच्या तापमानाला वाळणारे बरेच इपॉक्सी गोंद ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, उन्हातली गाडी तिथवर सहज पोचते.

हलकं_टोक
ताईंचं मुठीबद्दल शंभर टक्के पटलं. पण मग मूठ चिकटवायचीच कशाला? सबंध धनुष्य वाकू द्या, मुठीला चामडं गुंडाळा. ताण सगळीकडे वाटला जातो.

सुताराची_लेक
लांब धनुष्याला चालेल. पण वाकणारी मूठ हातात हिसका देते, आणि बाण टेकायला खोबण कोरायची तर लाकूड कुठून आणणार?

रामबागकर
ताई, तुमचं वाचून आठवं आणि नववं धनुष्य आत्ता खाली काढलं. नवव्याच्या उताराची कड नखाला लागते, म्हणजे बोथटच आहे. उद्या कानस घेऊन बसतो. हलकं_टोक, पुढची दोन धनुष्यं एकाच लाकडातून करेन, एक तुकड्यासह, एक तुमच्या गोल खाचेचं, दोन्हींवर तीच दोरी. भाच्याला मात्र शिसमचंच देणार.