मालवणचं अभयारण्य प्रवाळांच्या काय कामाचं?

खडपेकर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'समुद्राला कुंपण घाला, प्रवाळ आपोआप सावरतील.' तेव्हापासून डोकं फिरलंय. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७चं, २९.१२ चौ. किमी. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड हा त्याचा गाभा. गेल्या मे महिन्यात स्नॉर्केलिंगला गेलो, तर बोटवाल्याने नांगर थेट खडपावर टाकला. वर सांगतो, 'प्रवाळावर उभे ऱ्हवा, फोटो बरो येतलो.' माशांसाठी बिस्किटाचा पुडा वेगळा. घाला कुंपण!

पोपटमासा: ते वाक्य माझंच. दोष अंमलबजावणीचा आहे. शेवाळ खाणारे मासे टिकले की विरंजनानंतर, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडल्यावर, खडक स्वच्छ राहतो, प्रवाळाच्या अळ्यांना बसायला जागा मिळते.

हिशेबी: ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये २००४ साली मासेमारीबंदीचं क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होतं, ते ३३ टक्के केलं. २०१६ला पाणी तापलं आणि सगळ्यात जास्त मेले ते उत्तरेकडचे, माणसांपासून लांबचे प्रवाळ. गरम पाणी पाटी वाचून परत जात नाही.

रापणकार: आस्ट्रेलिया ऱ्हवांदे थयच. अभयारण्य म्हटल्यार पयलो दम आमकां. आज्याच्या रापणीक, किनाऱ्यार ओढूच्या जाळ्याक, केवढी मासळी गावायची! आता पर्ससीनवाले, ते मोठ्या घेराच्या जाळ्यांचे बोटवाले, एलईडीच्या उजेडान मासळी जमवन सगळी उचलतत, तेंका कोण इचारता?

दर्यासारंग: आलं पर्ससीन! चहा नासला तरी पर्ससीनच जबाबदार. मामाची बोट आहे, डोक्यावर कर्ज आहे. प्रवाळावर आम्ही जाळं टाकतच नाही, खडकात फाटतं.

रापणकार: फाटता म्हणान टाकणत नाय, मायेन न्हय. २०१७ पासून एलईडीक बंदी आसा, मगे मामाच्या बोटीर तो मोठो जनरेटर कशाक? फॅन लावूक?

दर्यासारंग: मामावर जायचं काम नाही. तोंड सांभाळा.

खडपेकर: अहो, विषय प्रवाळांचा होता.

हिशेबी: बरं, पोपटमासा, मासे असले तर सावरणं सोपं जातं, घ्या, मान्य. पण सावरायला मध्ये काही वर्षं तरी मिळायला हवीत. ग्रेट बॅरियर रीफमध्ये २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ असं विरंजन झालंय. ती उसंत कुठल्या अभयारण्यात मिळते?

पोपटमासा: कुठल्याच नाही, झालं समाधान? म्हणूनच उरलेल्यांवर नांगर तरी टाकू नका. तळाला बांधलेले कायमचे तरंगते बोये सोडा, बोटी त्यांना बांधा. तेवढंही जमत नसेल तर अभयारण्य कागदावरच, हे खडपेकरांचं म्हणणं नाइलाजाने कबूल.

रापणकार: बोये सोडा, हरकत नाय. पयली मामाचीच बोट बांधतले, बघा.