शब्दचर्चा: गुड फ्रायडेला ‘शुभ’ म्हणायचे का? राखेच्या बुधवारापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत

दांडियाबझारकर (वडोदरा)

२०२७च्या मराठी दिनदर्शिकेत ख्रिस्ती सणांची पट्टी घालायची आहे. कच्च्या प्रतीत ‘शुभ शुक्रवार’, ‘येशू पुण्यतिथी’, ‘येशूचे स्वर्गारोहण’, ‘प्रकटीकरण’ असे शब्द पडलेत. शेजारच्या गुजराती प्रतीत ‘तपऋतु’ आणि ‘पास्खापर्व’ आहे, तर इंदूरहून आलेल्या हिंदी पत्रकात ‘चालीसा’. मराठी वाचकाला कळतील आणि चर्चला जाणाऱ्यालाही खटकणार नाहीत असे शब्द हवेत. कारणासकट सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हीच खेचाखेच.

फतेहगंजवाले (वडोदरा)

ताई, आधी ‘पुण्यतिथी’वर काट मारा. पुण्यतिथी गेलेल्या माणसाची असते. इथे श्रद्धाच अशी की जो शुक्रवारी मेला तो रविवारी उठला. शिवाय हा दिवस तारखेला बांधलेला नाही, तो दर वर्षी सरकतो. चर्चमध्ये त्या दिवशी श्राद्धासारखे काही नसते; येशूच्या दुःखसहनाचे वाचन असते.

आता ‘शुभ’. इंग्रजीतल्या ‘गुड’ला इथे ‘पवित्र’ असा जुना अर्थ आहे. पोर्तुगीज आणि फ्रेंच लोक सरळ ‘पवित्र शुक्रवार’ म्हणतात, तर जर्मनांच्या नावात शोकाचा शब्द आहे. मराठी ‘शुभ’ शब्द मात्र येताना मुहूर्त, लग्नपत्रिका आणि शुभेच्छा हे सगळे बरोबर आणतो. मग होते काय, तर गुरुवारी रात्रीच गटात गुलाबाच्या चित्रासकट ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ येऊन पडतात. ज्या दिवशी वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी ठेवतात, घंटा वाजत नाही आणि निष्ठेने पाळणारा एकदाच पोटभर जेवतो, त्या दिवशी शुभेच्छा कसल्या! मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘उत्तम शुक्रवार’ रुळलेला आहे. ‘पवित्र शुक्रवार’ही चालतो. पट्टीत मी ‘गुड फ्रायडे (उत्तम शुक्रवार)’ असे छापीन, कारण सुट्टी शोधणारा ‘गुड फ्रायडे’च शोधतो.

राजवाडा (इंदूर)

‘उत्तम’ तरी कुठे नेमका आहे? तोही ‘गुड’चाच तर्जुमा की. पण वापरून वापरून त्याला मंडळीचा वास लागला आहे, आणि त्यात मुहूर्ताची छटा नाही, म्हणून माझेही मत त्यालाच.

‘चालीसा’चे सांगतो. आमच्याकडच्या हिंदी भाषक कॅथलिकांत लेंटला, म्हणजे ईस्टरच्या (येशू पुन्हा उठल्याच्या सणाच्या) आधीच्या उपवासाच्या काळाला, सर्रास चालीसा म्हणतात. चाळीस दिवसांचा काळ म्हणून शब्द चोख आहे. पण मराठी पट्टीत नुसते ‘चालीसा प्रारंभ’ छापले की दहातले नऊ जण हनुमान चालीसाच समजणार. गुजरातीतला ‘तपऋतु’ देखणा आहे, पण मराठीत तो उसना वाटतो. मराठीत ‘उपवासकाळ’ किंवा ‘प्रायश्चित्तकाळ’ म्हणतात. पहिला लवकर कळतो, दुसरा अर्थाला जवळचा. नुसते अन्न सोडणे हा या काळाचा हेतू नाही, प्रार्थना आणि दानही त्यात येते. वाचवलेले पैसे एका डब्यात साठवून पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास गरजूंना देण्याची रीत पुष्कळ चर्चमध्ये आहे.

दांडियाबझारकर

उपवासकाळ घेते. पण लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून, १० फेब्रुवारीपासून, ईस्टरपर्यंत, २८ मार्चपर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. चाळीस कुठले?

फतेहगंजवाले

मधले सहा रविवार वजा करा. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्यामुळे तो लेंटमध्ये पडला तरी उपासाचा धरत नाहीत. ४६ उणे ६, चाळीस.

सगळी पट्टी ईस्टरवरून मागेपुढे मोजायची असते. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. पौर्णिमा नेमकी रविवारी आली तर त्याच्या पुढचा. २०२५ मध्ये तसेच झाले. चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा १३ एप्रिलला, रविवारी होती, म्हणून सण २० तारखेला आला. २०२७ मध्ये पौर्णिमा २२ मार्चला, सोमवारी आहे, म्हणून ईस्टर २८ मार्चला. या हिशेबाने ईस्टर २२ मार्चच्या अलीकडे आणि २५ एप्रिलच्या पलीकडे कधी जात नाही. तुमच्या पट्टीत याबाहेरची तारीख दिसली तर खुशाल चूक समजा. पंचांगातली पौर्णिमा आणि चर्चच्या कोष्टकातली पौर्णिमा यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेव्हा पंचांग पाहून तारीख बदलू नका.

आता २८ मार्चपासून मागे जा: ४६ दिवस मागे राखेचा बुधवार, १० फेब्रुवारी. सात दिवस मागे झावळ्यांचा रविवार (पाम संडे), २१ मार्च. दोन दिवस मागे शुक्रवार, २६ मार्च. पुढे मोजताना घोटाळा होतो तो असा, की चाळिसावा आणि पन्नासावा हे दिवस ईस्टरचा रविवार पहिला धरून मोजायचे असतात. म्हणून स्वर्गारोहण (उठलेला येशू स्वर्गात गेल्याचा दिवस) ३९ दिवसांनी, ६ मे, गुरुवारी. आणि पन्नासावा दिवस (पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरल्याचा सण) ४९ दिवसांनी, १६ मे रोजी. कोणी सरळ पन्नास मिळवले तर १७ मे येते, आणि तो सोमवार निघतो. पन्नासावा दिवस रविवारी नसेल तर बेरीज चुकली.

राजवाडा

‘स्वर्गारोहण’ मात्र मला एकटा सोडवत नाही. मराठीत माणूस गेला की ‘स्वर्गारोहण झाले’, ‘स्वर्गवासी झाले’ असे छापतात. निव्वळ ‘येशूचे स्वर्गारोहण’ वाचून तो मृत्युदिन वाटतो, आणि तोही गुड फ्रायडेनंतर ४१ दिवसांनी! ‘प्रभूचे स्वर्गारोहण (पुनरुत्थानानंतर चाळिसावा दिवस)’ असे केले की प्रश्न मिटतो. कॅथलिकांत पुष्कळ ठिकाणी हा सण गुरुवारऐवजी पुढच्या रविवारी, म्हणजे ९ मेला करतात. गावातल्या चर्चला विचारूनच तारीख टाका.

‘प्रकटीकरण’चीही तीच गत. ६ जानेवारीचा, मागी लोकांनी (पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांनी) बाळ येशूला पाहिल्याचा सण, आणि बायबलचे शेवटचे पुस्तक, दोघांनाही मराठीत एकच नाव. ‘प्रकटीकरणाचा सण’ म्हणा. ‘तीन राजांचा सण’ हा बोलीतला शब्द गोड आहे, पण मत्तयाच्या शुभवर्तमानात ते राजे नाहीत आणि तीन हा आकडाही नाही. भेटवस्तू तीन आहेत, त्यावरून माणसे तीन ठरली.

मांडवी (वडोदरा)

‘राखेचा’ की ‘भस्म’? आमच्याकडे पत्रकात दोन्ही येतात.

फतेहगंजवाले

मी ‘राखेचा बुधवार’ म्हणेन. भस्म म्हटले की मराठी मनात शंकर आणि तीन आडवे पट्टे येतात. इथे कपाळावर बोटाने क्रूस काढतात किंवा डोक्यावर चिमूटभर राख टाकतात, आणि म्हणतात की तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील. बायबलातल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातले वाक्य आहे. त्यात गौरव नाही, आठवण आहे.

राख आणि झावळी यांचे नातेही शब्दाच्या निवडीत धरा. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या लोक क्रूसामागे खोचून ठेवतात आणि लेंटच्या आधी चर्चमध्ये आणून देतात. त्याच जाळून राख करतात. आपल्याकडे नारळाची किंवा शिंदीची पाने असतात. ती कुरकुरीत वाळलेली हवीत. आत ओल असेल तर नुसता धूर होतो आणि तळाशी कोळशाचे तुकडे उरतात, ते कपाळावर ओरखडतात. जाळायला लोखंडी कढई किंवा जाड पत्र्याचे भांडे, तेही उघड्यावर. राख पूर्ण निवल्यावर खलात बारीक करून मलमलीतून किंवा पिठाच्या बारीक चाळणीतून गाळायची. पोतेभर पानांची राख वाटीभर निघते, पण माणशी लागते चिमूटभरच, तेव्हा पुरते.

आता धोका. ती राख पाण्यात कालवून लगदा करू नये. पानांच्या राखेत क्षार असतो, ओली झाली की ती अल्कधर्मी होते आणि कपाळ भाजल्यासारखे लाल होते. नाजूक कातडीवर फोडही येतात. कोरडीच लावावी, फार तर अंगठा तेलाने किंचित ओलसर करावा. कोणाला आग झाली तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा.

दांडियाबझारकर

म्हणजे पट्टीत झावळ्यांचा रविवार आणि राखेचा बुधवार हे दोन्ही शब्द ठेवले की नातेही दिसते. छान. ‘पास्खापर्व’चे काय?

राजवाडा

गुजरातीत ईस्टरला पास्खापर्व म्हणतात, बरोबर आहे. पास्खा हा शब्द मूळ हिब्रू पेसाखकडून आला. मराठी बायबलात त्या ज्यू सणाला ‘वल्हांडण’ आहे, ओलांडून जाणे या अर्थाने. निर्गमच्या बाराव्या अध्यायात, ज्या घरांच्या दारांना कोकराचे रक्त लावले होते ती घरे ओलांडून परमेश्वर पुढे गेला, त्यावरून. हिंदी बायबलात त्याला ‘फसह’ म्हणतात. म्हणून मराठीत ईस्टरला वल्हांडण म्हणू नका. येशूचे शेवटचे भोजन वल्हांडणाच्या वेळचे होते, एवढाच संबंध. ईस्टरसाठी ‘पुनरुत्थानाचा सण’. बोलताना सगळे ईस्टरच म्हणतात.

‘आगमनकाळ’ पट्टीत घालणार असाल तर वडोदऱ्याला तो गणपतीच्या आगमनाशी टक्कर घेईल, हे लक्षात ठेवा! ‘नाताळपूर्व आगमनकाळ, २८ नोव्हेंबरपासून’ असे लिहा. नाताळाच्या आधीचे चार रविवार त्यात येतात. आणि ‘नाताळ’ आमच्याकडच्या ‘बड़ा दिन’पेक्षा केव्हाही बरा. पोर्तुगीज शब्द आहे, अर्थ जन्मदिवसाचा, आणि आता तो पुरता मराठी झाला आहे.

मांडवी

एक शंका. ‘मिस्सा’, ‘उपासना’ आणि ‘प्रार्थना’ हे आमच्या पत्रकात एकमेकांच्या जागी येतात. २६ मार्चला ‘दुपारी ३ वाजता मिस्सा’ लिहिले तर?

फतेहगंजवाले

तर चूक होईल. मिस्सा म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस पवित्र करून वाटण्याचा विधी, आणि कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेला तो नसतोच. वाचन, क्रूसाचे वंदन आणि आदल्या दिवशी पवित्र केलेल्या भाकरीचे वाटप असते. तिथे ‘प्रभूच्या दुःखसहनाची उपासना’ लिहा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा १२ ते ३ येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांची उपासना असते. कॅथलिक ‘क्रूस’ म्हणतात, मराठी प्रोटेस्टंट ‘वधस्तंभ’. पत्रक कोणाचे आहे ते पाहून शब्द घ्या.

या तीन तासांच्या आखणीत नेहमी बिघडते ते असे. १८० मिनिटांना सातने भागले की प्रत्येक उद्गाराच्या वाट्याला पंचवीस मिनिटे येतात, त्यात गीत, वाचन, मनन, प्रार्थना सगळे. पहिला वक्ता पस्तीस मिनिटे घेतो, दुसरा चाळीस, आणि शेवटच्या दोघांना पाच पाच मिनिटांत गुंडाळावे लागते. सहावा उद्गार ‘पूर्ण झाले आहे’ आणि सातवा ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’, म्हणजे ज्याच्यासाठी लोक बसलेले असतात तेच घाईत जाते. मनन दहा मिनिटांपुढे जाऊ देऊ नये आणि गीताची दोनच कडवी घ्यावीत. आणि पत्रकात सहाव्या उद्गाराला ‘सर्व संपले’ छापू नका. संपले म्हणजे हात टेकले. हा उद्गार हाती घेतलेले काम तडीला नेल्याचा आहे.

दांडियाबझारकर

गटात ईस्टरचा निरोप कधी पाठवायचा? शनिवारी रात्री नऊला पाठवला तर चालतो का?

राजवाडा

शनिवारी अंधार पडल्यावर कॅथलिक चर्चमध्ये जागरणविधी सुरू होतो. अंगणात नवा विस्तव पेटवतात आणि त्यावर मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर, आणि चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. मग तिच्यावरून सगळे आपापल्या मेणबत्त्या पेटवत जातात. न पेटलेली मेणबत्ती तिरकी करायची, पेटलेली सरळ ठेवायची. उलट केले की मेण शेजाऱ्याच्या हातावर. हा विधी सूर्यास्तापूर्वी करत नाहीत, म्हणून नऊपर्यंत तो आटोपला असेलच असे नाही. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत पहाटेची उपासना असते, त्यांना रविवारचा सूर्य वर आल्यावर निरोप पाठवा.

निरोपात ‘प्रभू उठला आहे’ असे आले तर उत्तर ‘खरोखर उठला आहे’ असे देतात. ते कोणाला माहीत नसले आणि त्याने ‘तुम्हांलाही’ लिहिले, तरी कोणी मनावर घेत नाही.