‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’ म्हणजे नेमका कोण?

शंका: कॅलिफोर्नियातील विद्यापीठे लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांसाठी जे उपक्रम चालवतात, त्यांवर मी मराठीत लेख लिहीत आहे. ‘फर्स्ट जनरेशन स्टुडंट’साठी ‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’, ‘लॅटिनएक्स’साठी ‘लॅटिन’ आणि ‘स्टुडंट सक्सेस’साठी ‘विद्यार्थी-यश’ असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य आहेत का?

उत्तर: तिन्हींपैकी पहिला शब्द सर्वांत फसवा आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. आपल्याकडे ‘घरात शिकणारी पहिलीच पिढी’ म्हटले की आई-वडील निरक्षर किंवा जेमतेम चौथी-पाचवी शिकलेले असतील, असे वाचक धरून चालतो. गरजू विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन शिक्षणात मदत करणाऱ्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ‘ट्रायो’ योजनांची कसोटी वेगळी आहे : आई किंवा वडील यांपैकी कोणाकडेही चार वर्षांची पदवी नसेल, तर तो विद्यार्थी या गटात बसतो. वडील बारावी होऊन दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात) गेलेले असले, तरी मुलगी ‘फर्स्ट जनरेशन’च ठरते. दुसरा गोंधळ स्थलांतराचा आहे. आई-वडील मेक्सिकोतून आलेले आणि मुलगी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला जन्मलेली असेल, तर ती स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीची आणि महाविद्यालयात जाणाऱ्यांच्या पहिल्या पिढीची असते. आपल्या शब्दातून यांपैकी कोणती पिढी, ते कळतच नाही. मी ‘घरातून पदवीसाठी पहिल्यांदाच जाणारी मुलगी’ असे लिहीन. शब्द लांबतो, परंतु आशय जागेवर राहतो.

‘लॅटिन विद्यार्थी’ वाचले की लॅटिन भाषा शिकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द टाळावा. ‘लॅटिनएक्स’ या लिंगनिरपेक्ष शब्दाची गरज स्पॅनिशमध्ये ‘लॅटिनो’ पुरुषवाचक आणि ‘लॅटिना’ स्त्रीवाचक असल्यामुळे पडली. मराठी कानाला मात्र ‘घोडा’, ‘मुलगा’ या ओळखीच्या आकारान्तामुळे ‘लॅटिना’च पुल्लिंगी वाटतो, आणि ‘लॅटिनो’त लिंग ऐकूच येत नाही! त्यातच, लोकमताच्या पाहण्या करणाऱ्या प्यू संशोधन केंद्राने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतील हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या) प्रौढांपैकी फक्त ३ टक्के लोक स्वतःसाठी ‘लॅटिनएक्स’ हा शब्द वापरतात, असे आढळले. एखाद्या केंद्राच्या किंवा योजनेच्या नावात तो असेल तेथे तसाच ठेवावा. एरवी ‘लॅटिनो’ पुरेसा आहे.

‘यश’ या शब्दाने आपल्याला निकाल आणि गुणवत्ता यादी आठवते. तिकडे मोजतात ते पहिल्या वर्षानंतर किती मुले परत येतात आणि किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात. आपल्याकडे ‘गळती’ हा अगदी नेमका शब्द रुळलेला आहे, तेव्हा ‘गळती रोखून पदवीपर्यंत नेणारे उपक्रम’ असे म्हणावे.

शंका: ‘हिस्पॅनिक सर्व्हिंग’ संस्थांना ‘हिस्पॅनिकबहुल’ म्हणावे का? आणि ‘पेल ग्रँट’ला अनुदान?

उत्तर: ‘बहुल’ नको, कारण पूर्णवेळ हिशेबाने (म्हणजे अर्धवेळ विद्यार्थी त्या प्रमाणात कमी धरून) पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २५ टक्के हिस्पॅनिक असले, तरी संस्था त्या दर्जास पात्र होऊ शकते, आणि चौथा हिस्सा म्हणजे बहुसंख्य नव्हे. ‘अनुदान’ म्हटले की आपल्याला अनुदानित शाळा आठवते, म्हणजे पैसा संस्थेला मिळतो असे वाटते. पेल ही अमेरिकी केंद्र सरकारची मदत; तिची रक्कम गरजू विद्यार्थ्याच्या नावे मिळते आणि सहसा फेडावी लागत नाही, म्हणून ‘शैक्षणिक अर्थसाहाय्य’ बरे. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ‘अल्प उत्पन्न गट’ हेही टाळावे. तो म्हाडाच्या सोडतीतला गट वाटतो.

कॅलिफोर्नियातील हेवर्डच्या शाबो कॉलेजात १९८१ साली सुरू झालेल्या ‘पुएंते’ उपक्रमाचे नाव मात्र कृपया भाषांतरित करू नका. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पूल. इंग्रजी लेखनाचा वर्ग, समुपदेशक आणि समाजातूनच आलेला मार्गदर्शक, असे तिघे मिळून तो पूल बांधतात. अर्थ पहिल्या उल्लेखाला एकदा सांगावा आणि पुढे ‘पुएंते’च लिहावे.