जिमी लाय यांच्यासाठी हळहळायचं का?

गवतीचहा :
हाँगकाँगच्या 'ॲपल डेली' या दैनिकाचे मालक जिमी लाय डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली परदेशी शक्तींशी संगनमत केल्याबद्दल दोषी ठरले. वय ७८. खटला दोन वर्षं चालला, ज्यूरी नव्हती. यावरून काल घरी जेवताना वाद झाला, म्हणून इथे विचारतेय.

मला हा माणूस मोठा वाटतो. लहानपणी चीनमधल्या क्वांगचौच्या स्टेशनवर प्रवाशांचं सामान उचलायचे. हाँगकाँगहून आलेल्या एका पाहुण्याने हातावर चॉकलेट ठेवलं. असली वस्तू जिथे मिळते ते गाव म्हणजे स्वर्गच असणार, असं त्या पोराला वाटलं आणि बाराव्या वर्षी मासेमारीच्या बोटीत लपून तो तिथे पोचला. हातमोज्यांच्या कारखान्यात काम, झोपायलाही तिथेच. १९८१ मध्ये 'जिओर्दानो' हा कपड्यांचा ब्रँड काढला. १९८९ च्या तिआनमेन चौकातल्या हत्याकांडानंतर हे गृहस्थ राजकारणावर बोलायला लागले. १९९४ मध्ये आपल्या साप्ताहिकात त्यांनी चीनच्या पंतप्रधानांना, ली पेंगना, 'कासवाचं अंडं' म्हटलं (तिकडे ही आईवरून दिलेली शिवी आहे). त्यापायी बीजिंगमधलं दुकान बंद झालं आणि त्यांना स्वतःच्या कंपनीतून अंग काढून घ्यावं लागलं. तरी १९९५ मध्ये दैनिक काढलंच. खिशात ब्रिटिश पासपोर्ट असून २०२० मध्ये पळून गेले नाहीत. आसरा दिलेल्या गावाचं ऋण याहून वेगळं कसं फेडतात?

खडूस_आजोबा :
चॉकलेटची गोष्ट गोड आहे. पेपर कसा होता ते कोणी सांगत नाही.

१९९८ मध्ये एका बाईने दोन मुलांना इमारतीवरून ढकलून स्वतः उडी घेतली. या पेपरने तिच्या नवऱ्याला पैसे देऊन वेश्यांबरोबर त्याचे फोटो काढले आणि छापले. गाव एवढं खवळलं, की पहिल्या पानावर माफी मागावी लागली. वेश्यावस्तीचं मार्गदर्शन करणारं सदरही होतं. आपल्याकडे असा पेपर कोणी काढला असता तर तुम्ही तो रद्दीतसुद्धा ठेवला नसता. मालक तुरुंगात गेला म्हणून जुने अंक सोवळे होत नाहीत.

नांदेडकर :
आजोबा, टुकार पेपरलाही छापायचा हक्क असतोच ना? सभ्य पेपरांचं स्वातंत्र्य कुठलंही सरकार खुशाल मान्य करेल, त्याला काय जातंय.

आणीबाणीत 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, त्याचं आपण अजून कौतुक करतो. रामनाथ गोयंका काय संत होते? १९७१ मध्ये जनसंघाच्या तिकिटावर विदिशातून खासदार झाले होते. मालकाला राजकारण असतंच.

खडूस_आजोबा :
गोयंका वॉशिंग्टनला जाऊन भारतावर दबाव आणा म्हणाले नाहीत. हे लाय जुलै २०१९ मध्ये तिकडे अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष पेन्स आणि परराष्ट्रमंत्री पॉम्पिओंना भेटून आले. परदेशी सरकारला आपल्याच गावावर निर्बंध घालायला सांगणं म्हणजे नागरी चळवळ? मला नाही पटत. आयुष्यभर तुरुंगात ठेवण्याएवढा गुन्हा मात्र तो नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर इथले लोक मला बीजिंगचा एजंट ठरवतील.

नांदेडकर :
२०१९ मध्ये तो कायदाच नव्हता. आला ३० जून २०२० ला. त्यानंतर आपण निर्बंधांची मागणी थांबवली, असं लाय कोर्टात म्हणाले; कोर्टाने मानलं नाही. कायदा यायच्या आधी केलेल्या गाठीभेटींवरून माणसाचा 'हेतू' ठरवायचा असेल, तर मग कोणीही सापडेल. मीसुद्धा.

कोवळं_ऊन :
मी २०१२ मध्ये नोकरीनिमित्त हाँगकाँगला होतो. १ फेब्रुवारीला याच पेपरात पानभर जाहिरात आली. एक भलामोठा टोळ डोंगरावर बसून खालच्या शहराकडे बघतोय. मला चिनी वाचता येत नाही, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने बोट ठेवून अर्थ सांगितला. चीनमधून बाळंतपणाला येणाऱ्या बायका आणि त्यांची पोरं म्हणजे टोळधाड, ती थांबवा. लोकांनी नेटवर वर्गणी काढून दिलेली जाहिरात होती.

गवतीचहा, बोटीत लपून त्याच बाजूने आलेल्या मुलाच्या पेपरात हे छापलं गेलं. मुंबईत 'लुंगी हटाव'च्या वेळी काय भाषा होती ते ज्यांना आठवतं, त्यांना त्या चित्राचं वेगळं भाषांतर नको.

गवतीचहा :
जाहिरातीचं मला माहीत नव्हतं. वाईटच आहे, त्यावर सारवासारव करत नाही.

पण लोकांचं काय करायचं? १० ऑगस्ट २०२० ला दोनशेच्या वर पोलीस ऑफिसात घुसले आणि लायना त्यांच्याच न्यूजरूममधून बेड्या घालून फिरवलं. एरवी लाखभर निघणारा पेपर दुसऱ्या दिवशी साडेपाच लाख छापला. शहरातल्या माँगकॉक भागात पहाटे दोनपासून रांगा. पुढच्या जूनमध्ये खाती गोठवली, पगाराला पैसे उरले नाहीत, २४ तारखेला शेवटचा अंक निघाला. दहा लाख प्रती. आदल्या रात्री पावसात लोक ऑफिसबाहेर मोबाइलचे दिवे हलवत होते आणि आतले लोक गच्चीतून, खिडक्यांतून तसेच दिवे दाखवत होते. नुसत्या चटोर पेपरसाठी कोणी पावसात उभं राहतं?

खडूस_आजोबा :
राहतं. चटोर पेपरच लोकांचा असतो, सभ्य पेपर वाचनालयाचा.

पण दिवे दाखवणाऱ्यांबद्दल कोण बोलतंय? सहा वरिष्ठ सहकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेले. त्यांतल्या एकाचं तरी नाव न बघता सांगा. मालकाने राहायचं ठरवलं ते धाडसच, पण त्याची किंमत पगारी माणसांनीही मोजली.

गवतीचहा :
नाही सांगता येणार. बरोबर.

नांदेडकर :
आजोबा, ही किंमत लायनी लावली की सरकारने? धाड टाकणारा सुटला तुमच्या हिशेबातून.

कोवळं_ऊन :
मघाशी ज्या सहकाऱ्याचं लिहिलं, त्याने शेवटच्या अंकाच्या दिवशी मला फोटो पाठवला होता. कागद ओला, रांगेत दोन तास उभा राहून घेतलेल्या पाच प्रती. टोळाच्या जाहिरातीला त्याने वर्गणी दिली होती, हे तेव्हा कळलं. मी विचारलं, आता काय वाटतं तिच्याबद्दल? म्हणाला, 'ती मला आजही पटते. एक प्रत तुझ्यासाठी ठेवू का?'

ठेव म्हणालो.