रूफ बोल्टिंगच्या (खाणीच्या छताला भोकं पाडून आधाराचे लोखंडी बोल्ट बसवायच्या) ड्रिलवर जातोय, काय सांभाळू?

नागपूरचा आहे, सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत नवीन लागलोय. सोमवारपासून ड्रिलवर. जाणत्यांनी सांगा.

निवृत्त ओव्हरमन (खाणीतला पर्यवेक्षक): बाबू, आधी सब्बलीनं छत ठोकून पाय. टणटण वाजलं तर ठीक, ढबढब आवाज आला की मागं सर. आधार न लावलेल्या छताखाली जायचंच नाही, साहेब कितीही घाई करो. दुपट्टा, सैल हातमोजे खाणीबाहेर वरच ठेव. फिरत्या रॉडनं कापड ओढलं की मनगट सोडवायला वेळच भेटत नाही.

इलेक्ट्रिशियन: हवेतला मिथेन वायू १.२५ टक्क्यांवर गेला की वीज तोडायची, नियमच आहे. ५ ते १५ टक्क्यांत तो स्फोटक असतो. पाणी चालू असल्याशिवाय ड्रिल नको, धूळ फुफ्फुसात बसते.

प्रश्नकर्ता: रॉड अडकला तर?

निवृत्त ओव्हरमन: आधी मशीन बंद, मग पाना. चालू मशीनवर हात नाही म्हणजे नाही.