सोलरनं बिल उतरतं, पण उत्पादन वाढतं का? टॉवेल कारखान्याचा हिशोब

टॉवेलवाला_सोलापूर:

अक्षय ऊर्जा आली की देशाची आर्थिक वाढ होते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ही वाढ कारखान्याच्या पातळीवर नेमकी कुठून येते, ते आकड्यांत समजून घ्यायचंय. उदाहरणाला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना धरा. मंजूर भार ६० किलोवॅट, दिवसा चालता भार ५० च्या आसपास. छपरावर ५० किलोवॅट सोलर, खर्च २२.५ लाख. स्थिर आकार सोडून युनिटमागे ८ रुपये पडतात. बिल उतरणार हे उघड आहे. पण टॉवेल जास्त निघतील का? का नुसता खर्च या खिशातून त्या खिशात?

मीटरपलीकडे:

आधी बिलाचं संपवू. सोलापुरात नीट बसवलेला एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. ५० किलोवॅटचे झाले ७०,००० युनिट, म्हणजे ५.६ लाख रुपये. व्याज न धरता चार वर्षांत पैसे वसूल. अट एवढीच की ती वीज तुमच्याच मागांवर खपली पाहिजे. सुट्टीच्या दिवशी ती नेट मीटरिंगनं (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याची सोय) ग्रीडवर जाते, आणि मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव तुमच्या दरापेक्षा बराच कमी असतो.

आता उत्पादन. लाइट गेली की ऑन-ग्रीड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज ग्रीडला जोडणारं यंत्र, बंद होतो, भर दुपारी बारालासुद्धा. तो बिघाड नव्हे. बंद लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला मागून करंट बसू नये म्हणून ती सोय सक्तीची असते. त्यामुळे लाइट मधेच जाऊन (ट्रिपिंगनं) माग थांबतात ते सोलरनंतरही थांबणारच. यावर उपाय जनरेटरशी जोडणी. ६२.५ केव्हीएचा जनरेटर साधारण ५० किलोवॅट देतो आणि त्याच्यावर निदान ३० टक्के, म्हणजे १५ किलोवॅट भार ठेवावाच लागतो. बाकीचे ३५ सोलरनं उचलता येतात आणि डिझेल वाचतं. मात्र मधे सोलरला मर्यादेत ठेवणारा कंट्रोलर हवाच, नाहीतर भार कमी झाला की वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते आणि तो ट्रिप होतो.

आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये सहसा लिहिलेली नसते: पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या विजेचं प्रमाण. ५० किलोवॅट भार ०.९५ वर चालतोय, म्हणजे सुमारे १६.४ केव्हीएआर (मोटरींना चुंबकत्वासाठी लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) लागतात. सोलरनं ३५ किलोवॅट उचलले की ग्रीडवरून फक्त १५ येतात, पण केव्हीएआर तेवढेच राहतात. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर पडतो ०.६७ वर! बिल केव्हीएएचवर, म्हणजे हे केव्हीएआरही धरून मोजलेल्या विजेवर, येत असेल तर बचतीचा एक तुकडा तिथंच जातो. एपीएफसी पॅनलचा (कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पेटीचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारा भाग, सोलरच्या जोडणीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला आहे का ते बघा. लहान टप्प्यांचे कपॅसिटर घाला, किंवा इन्व्हर्टरलाच थोडे केव्हीएआर द्यायला लावा. हे ऑर्डर देण्याआधी लिहून घ्या.

छपराचंही बघा. ५४० वॅटची ९३ पॅनल, एकेक अंदाजे २८ किलो, म्हणजे २.६ टन, वर रेलचं वजन वेगळं. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे हे पेलणार नाहीत, आधार थेट कैच्या-पर्लिनवर (छपराच्या सांगाड्यावर) घ्यावा लागतो. एक्झॉस्ट फॅनमधून उडणारा कापसाचा तूस पॅनलच्या खालच्या कडेला थर धरून बसतो. सकाळी लवकर, काच थंड असताना धुवा. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर पांढरे डाग कायमचे राहतात.

भीमाकाठ:

वरचं सगळं बरोबर. मूळ प्रश्न देशाच्या वाढीचा आहे, तर माझ्या मते खरी मेख व्याजात आहे.

ऊन फुकट आहे, पण सोलरचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. हेच २२.५ लाख २० वर्षांच्या समान हप्त्यांनी फेडले असं धरा. ७ टक्के व्याजाला वर्षाला सुमारे २.१२ लाख, म्हणजे युनिट ३.०३ रुपयांना पडलं. ११ टक्क्यांना २.८३ लाख, युनिट ४.०४ रुपये. तेच छप्पर, तीच पॅनल, तेच ऊन, देखभाल दोन्हीकडे धरलेली नाही, तरी युनिटमागे रुपयाचा फरक. ऊन कमी असलेल्या श्रीमंत देशांना स्वस्त भांडवल मिळतं आणि आपल्यासारख्यांना भरपूर ऊन असूनही महाग पडतं, ते यामुळं. लहान उद्योजकाला स्वस्त आणि लांब मुदतीचं कर्ज देणं हे माझ्या लेखी अनुदानापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरं, क्षमता आणि निर्मिती यांची गल्लत नको. जून २०२५ मध्ये भारताच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म इंधनांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत तो साधारण पावच आहे. संध्याकाळी सातला सोलर शून्य असतं, तेव्हा फताटेवाडीच्या एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन कोळशाचे संच लागतातच. म्हणून नुसते मेगावॅट आणि जीडीपी शेजारी मांडून ‘यामुळं ते वाढलं’ म्हणता येत नाही. दोन्ही आकडे काळाबरोबर आपसूकच चढतात. वाढ मोजायची तर वाचलेले ५.६ लाख कुठे गेले ते बघा. नव्या मागात गेले तर वाढ, जुनं देणं फेडण्यात गेले तर तगून राहणं. तेही कमी नाही, पण ती वाढ नव्हे.

सांगोलेकर:

शेतीत हा संबंध जास्त सरळ दिसतो. रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला जाणारा माणूस दिवसा मोकळा नसतो; सौर पंपानं तेच पाणी दिवसा देता येतं. ५ एचपीच्या सौर पंपाला ४,८०० वॅटची पॅनल असतात, पण पंपाला काम वर्षातले काही महिनेच. उरलेले दिवस पॅनल नुसती तापत बसतात. युनिव्हर्सल कंट्रोलर घेतला तर त्याच पॅनलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालते. जोडधंदा इथून उभा राहतो.

धोकाही आहे. पाणी उपसायला पैसे लागत नाहीत म्हटल्यावर पंप दिवसभर चालू राहतो. डाळिंबाला ठिबक असेल तर निभावतं. पण मोकळं पाणी देऊन ऊस केला तर बोअर आटतो, आणि मग स्वस्त वीज असून उपयोग काय?

टॉवेलवाला_सोलापूर:

पॉवर फॅक्टरचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. दोन शंका. दिवसाकडे काय काय सरकवता येईल? आणि डाइंगच्या बॉयलरचं काय?

मीटरपलीकडे:

वार्पिंग (ताण्याचे धागे गुंडाळणं), बॉबिन भरणं, हेमिंगच्या शिलाई मशिनी, कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर हे सकाळी नऊ ते चारमध्ये आणा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे निर्मिती बरीच पडते, त्या महिन्यांचा हिशोब वेगळा करा. मे महिन्यातही अपेक्षेपेक्षा कमीच मिळेल. काच ६५-७० अंशांवर गेली की १४ ते १६ टक्के निर्मिती कमी होते.

बॉयलरला सोलरची वीज लावू नका, परवडत नाही. उष्णतेसाठी ब्रिकेट (भुसा दाबून केलेले ठोकळे) किंवा बगॅस (उसाचा चोथा) बघा. बगॅस आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे मिळतो, पण त्यात निम्मं पाणी असतं आणि भाव हंगामाप्रमाणे हलतो, त्यामुळे साठवायला कोरडी शेड लागेल. सोबत छपरावर सोलर वॉटर हीटर बसवून बॉयलरचं पाणी २८ वरून ६० अंशांवर नेलं तर जळणात साधारण ५ टक्के बचत होते. कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं झालेलं गरम पाणी) बॉयलरमध्ये परत घेत नसाल तर मात्र आधी ते करा, त्यात याहून जास्त वाचतं.